बाटलीवर नाव कुणाचं?

वाइनच्या बाटलीवरचं नाव वाचायची वेळ आपल्यावर कशाला येतेय! आपल्या स्वयंपाकघरात बाटल्या असतात त्या आगळाच्या, मधाच्या, फार तर मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या. पण मैत्रिणींनो, आपल्याच महाराष्ट्रात तयार होणाऱ्या तीन वाइनची नावं आज तुम्हाला वाचून दाखवणार आहे. वाइन राहू द्या बाजूला, नावं तेवढी ऐका.

पहिलं नाव ‘सुला’. राजीव सामंत हा तरुण अमेरिकेत शिकला, तिथेच चांगल्या नोकरीला लागला आणि ती सोडून नाशिकला परत आला. गंगापूर धरणाजवळ घरची जमीन होती. तिच्यात त्याने आंबा लावून पाहिला, गुलाब लावून पाहिले, खायची द्राक्षंही लावली. शेवटी १९९७ साली वाइनची द्राक्षं लावली आणि १९९९ साली कंपनी उभी केली. तिला नाव काय द्यावं? आईचं नाव सुलभा. त्यातली पहिली दोन अक्षरं घेतली.

दुसरं नाव ‘यॉर्क’. ऐकणाऱ्याला वाटतं, इंग्लंडातलं गाव असेल. तसं काही नाही. नाशिकच्या गुरनानी कुटुंबात तीन मुलं, योगिता, रवी आणि कैलास. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून वडिलांनी हे नाव केलं. त्यात मुलीचं अक्षर पहिलं आहे, हे मला फार आवडलं.

तिसरं ‘फ्रातेल्ली’. हा इटालियन शब्द, अर्थ ‘भाऊ’. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ हा कारखाना आहे. तीन घरांतल्या भावांच्या तीन जोड्यांनी मिळून तो काढला, म्हणून हे नाव.

आई झाली, मुलं झाली, भाऊ झाले. तीन बाटल्यांत अख्खं कुटुंब बसलं की! सून तेवढी राहिली.

हे थट्टेत म्हटलं खरं, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याचाच हा लेख.

मात्र आधी एक गोष्ट निकालात काढते, नाहीतर तुमच्यातल्या निम्म्या जणी इथेच पान उलटतील. ही बाई दारूची तरफदारी करायला निघाली की काय? नाही हो. वाइनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो, ती औषध नव्हे. कुठलंही मद्य कितीही थोडं घेतलं तरी ते निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. आणि दारूने घर कसं खालसा होतं ते आपल्याला कुठल्या संघटनेने सांगायची गरज नाही. गावातल्या वा वॉर्डातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करायचं, ही सोय आपल्या राज्यात आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात, आणि निम्म्याहून अधिक बायकांनी आडवी बाटली निवडली की दुकानाला कुलूप. जानेवारी २०२२ मध्ये किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. द्राक्षवाले म्हणत होते, ही शेतमालाची विक्री आहे. बायका म्हणत होत्या, आमच्या कडधान्याच्या शेजारी बाटली नको. तो निर्णय अमलात आला नाही. माझं मत विचाराल तर बायकांचं म्हणणं बरोबर होतं. पण द्राक्ष पिकवणाऱ्याच्या घरातही बायका असतातच ना? त्यांच्याविषयी मात्र त्या गदारोळात कुणी फारसं बोललं नाही.

मी महाडची. दुपारी दोन तास शाळेत भूगोल शिकवते, बाकीचा वेळ घर. नववीच्या वर्गात इटलीचा विषय निघाला तेव्हा पोलादपूरकडून मिनीडोरने येणाऱ्या एका मुलाने विचारलं, “बाई, तिकडे डोंगरावर द्राक्षं होतात, मग आमच्या डोंगरावर का नाही?”

प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ आहे. पाऊस! आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळतं. द्राक्षाच्या पानाला ओल सोसत नाही, त्यावर केवडा नावाची बुरशी पडते आणि आठवड्यात बाग बसते. सावित्री उगम पावते त्या महाबळेश्वरच्या डोंगराने ढग अडवले की पलीकडे, पूर्वेकडे, हवा कोरडी होत जाते. आंबेनळी घाट चढून गेलं की तासा-दोन तासांत हा फरक अंगाला कळतो. द्राक्ष त्या कोरड्या मुलखाचं पीक. नाशिक, सांगली, सोलापूर, पुण्याकडचं नारायणगाव, सगळी घाटाच्या पलीकडची.

तरीसुद्धा वेलीला आपला देश परकाच. थंड देशात ती हिवाळ्यात झोपते, सगळी पानं गाळते आणि वसंतात जागी होते. एकदा छाटणी, एकदा पीक. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही, म्हणून आपला शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यात वेल पार खरडून काढायची, म्हणजे नव्या काड्या फुटतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, त्यावर घड धरतात. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चपर्यंत तोडली जातात. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची असतात. खायला घेतलीत तर म्हणाल, हे कसलं द्राक्ष! पण सालीतच सगळी गंमत.

वाइन होते कशी, हे आपल्याला समजायला अवघड नाही. आंबोळीचं पीठ रात्री झाकून ठेवतो, सकाळी फुगून वर येतं, तेच इथे. द्राक्षं चिरडली की किण्व रसातली साखर खातं, आणि साखरेचा मद्यार्क होतो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात. लाल वाइनसाठी साली रसातच मुरू देतात. कोकमाचा रंग जसा सालीत, तसा द्राक्षाचाही. पीठ उन्हाळ्यात लवकर आंबून कडू होतं तसाच हा रसही उष्म्याने बिघडतो, म्हणून पोलादी टाक्या बाहेरून गार ठेवतात. हवा लागली तर त्याचा शिरका होतो. म्हणजे बाटलीत शिरलेल्या त्या रुबाबाच्या मुळाशी आंबवण आणि नासवण यांतला आपल्या ओळखीचाच फरक आहे.

बागेतलं काम मात्र बायकांचं. विरळणी, शेंडे खुडणं, काड्या बांधणं, तोडणी ही कामं हलक्या हाताची आणि न कंटाळता करायची, म्हणून ती बायकांच्या वाट्याला. नाशिकच्या बागांत पेठ, सुरगाण्याकडच्या आदिवासी बायका टोळ्यांनी येतात. कधी रोजावर, कधी एकरावर अंगावर काम घेऊन, लेकरं बांधाला झोपवून. बागाईतदाराच्या घरची सूनही बागेतच असते, फक्त तिचा रोज कुणी लिहीत नाही.

या धंद्याला उभं राहणंही सोपं गेलं नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात इंडेज उभी केली, तिची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन परदेशात गेली, पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. लोकांनी भराभर वेली लावल्या. २००८-०९ची मंदी आली, माल पडून राहिला, आणि कित्येकांनी लावलेल्या वेली मुळासकट उपटल्या. ज्या ‘यॉर्क’चं नाव मुलांवरून ठेवलं होतं, तीही २०२१ साली ‘सुला’ने विकत घेतली. नावं राहतात, मालक बदलतात.

अकलूजचे भाऊ या धंद्यात शिरले ते पडत्या काळाच्या तोंडावरच. मोहिते-पाटील बंधू रणजितसिंह आणि अर्जुनसिंह घरचे, जमीन त्यांच्या मुलखातली. सेखरी बंधू कपिल आणि गौरव दिल्लीचे. आंद्रेआ आणि आलेस्सिओ सेक्की हे भाऊ इटलीचे. सातवे टस्कनीतले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. त्यांच्या एका उंची वाइनचं नाव ‘सेत्ते’ म्हणजे सात आहे, ते या सातजणांवरून. उसाच्या त्या मुलखात मोटेवाडीसारख्या माळावर टस्कनीचं सांजोव्हेसे हे द्राक्ष लागलं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. २०१०च्या सुमारास त्यांची वाइन बाजारात आली.

सात पुरुष, तीन घरं, दोन देश. भावाभावांनी एकत्र धंदा केला याचं आपल्याला कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे भाऊ वेगळे होण्याच्याच कथा जास्त. आणि वेगळे होण्याचं खापर नेहमी जावांच्या माथी! मग भाऊ एकत्र राहिले तर त्याचं श्रेय जावांना का बरं मिळू नये?

आता इटलीकडे येते. सेक्की बंधूंचं टस्कनी सगळ्यांना ठाऊक असतं, पण मला तुम्हाला न्यायचंय ते त्याच्या वायव्येला, आल्प्सच्या बाजूला. त्या प्रांताचं नाव पिएमोन्ते, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा मुलूख. आपणही सह्याद्रीच्या पायथ्याचेच, म्हणून मला तो जवळचा वाटतो. त्यातला लांगे नावाचा भाग म्हणजे टेकड्यांच्या ओळीच ओळी, प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर गाव, उतारावर द्राक्षाच्या रांगा. इथल्या द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात, आणि हे द्राक्ष पिकतं ऑक्टोबरच्या धुक्यात. त्यापासून होणारी ‘बारोलो’ वाइन निदान अडतीस महिने मुरवावी लागते, त्यांतले अठरा लाकडी पिंपात, असा तिथला कायदाच आहे. २०१४ साली युनेस्कोने या टेकड्यांचं नाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं. आज तिथे जगभरचे प्रवासी येतात आणि जमिनीचे भाव ऐकून भोवळ यावी अशी स्थिती आहे.

पण दुसऱ्या महायुद्धानंतरचं लांगे म्हणजे निव्वळ दारिद्र्य. जमिनीचे तुकडे लहान, गारपिटीची टांगती तलवार, द्राक्षाला भाव नाही. पोरं टेकड्या उतरून तुरिनला मोटारींच्या कारखान्यात गेली. पोलादपूरच्या वाड्यांतले बापये मुंबईला गिरणीत, बंदरात गेले, तसेच. फरक एवढाच की तिथे पोरीही निघाल्या. आईची पाठ वाकलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी साफ सांगितलं, शेतकऱ्याशी लग्न करणार नाही. गावोगाव चाळिशीला आलेले अविवाहित पुरुष आणि त्यांच्या म्हाताऱ्या आया, एवढंच घरात उरलं.

मग काय झालं असेल? मध्यस्थ पुढे झाले. सोयरीक जुळवणाऱ्याला त्या भाषेत ‘बाचाले’ म्हणतात. त्यांनी इटलीच्या पार दक्षिण टोकाला, कलाब्रियात, मुली शोधल्या. कलाब्रिया लांगेपेक्षाही गरीब. फोटो पाठवायचा, पत्र पाठवायचं, आणि मुलगी गाडीत बसवायची. १९६०-७०च्या दशकांत अशा कित्येक सुना लांगेत आल्या. एकाच देशातल्या, पण सासूची बोली सुनेला कळेना. माहेरी ऑलिव्हचं तेल आणि तिखट मिरची, सासरी लोणी. दक्षिणेच्या माणसाला उत्तरेत हिणवायचे, ते वेगळंच. आणि ज्या शेतात राबायला तिथल्या मुली तयार नव्हत्या, त्यात या राबल्या.

हे मी कल्पनेने सांगत नाही. नुतो रेव्हेल्ली नावाचे लेखक त्या डोंगरांत घरोघर हिंडले, बायकांसमोर बसले, त्यांची बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि १९८५ साली त्याचं पुस्तक केलं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे ‘मजबूत कडी’. साखळीत सगळ्यांत बळकट कडी बाईची, असं त्यांना म्हणायचं होतं. आज लांगेत ज्या घरांच्या नावाने वाइन विकली जाते, त्यांतल्या कित्येक घरांची शेती त्या पडत्या वीस-पंचवीस वर्षांत बायकांनी टिकवली.

आणखी एक गोष्ट त्या मुलखाला तारून गेली, तीही सांगते, कारण महाडकरांनी ऐकण्यासारखी आहे. लांगेच्या मधल्या आल्बा गावात १९४६ साली फेरेरो नावाच्या हलवायाच्या कुटुंबाने चॉकलेटचा कारखाना काढला. मुलं पावाला लावून खातात ते ‘न्यूटेला’ त्यांचंच. कामगार मिळावेत म्हणून त्यांनी टेकड्यांवरच्या गावांत बसगाड्या पाठवल्या. माणूस सकाळी उतरून कारखान्यात जायचा, संध्याकाळी घरी परतून वेलीत शिरायचा. गाव सोडावं लागलं नाही आणि हातात पगारही आला. आपल्या एमआयडीसीतही आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात, पण कंपनीची बस पार वरच्या वाडीपर्यंत गेलेली मी तरी पाहिली नाही.

तर अशी टिकलेली जमीन पुढे कुणाकडे गेली? इथे दोन घरांच्या गोष्टी सांगते.

पहिलं घर आल्तारे यांचं, ला मोर्रा गावातलं. मुलगा एलिओ १९७०च्या दशकात फ्रान्सच्या बर्गंडीत गेला. खोलीचं भाडं परवडेना म्हणून छोट्या फियाट गाडीतच झोपला. तिथले द्राक्षवाले आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत, हे पाहून परतला तो आपलंही बदलायचं ठरवून. १९८३ साली त्याने करवत घेतली आणि वडिलांची जुनी मोठाली पिंपं कापून काढली. त्यांच्या जागी फ्रेंच धर्तीची छोटी पिंपं आणायची होती. वडिलांना वाटलं, पोराला वेड लागलं. ते त्याच्याशी बोलेनासे झाले, दोन वर्षांनी वारले आणि मृत्युपत्रात त्याला काहीही ठेवलं नाही. राबलेल्या मुलाला तोच मळा भावंडांकडून पैसे देऊन विकत घ्यावा लागला. पुढे त्याचं नाव झालं, आणि त्या घरचं काम नंतर हाती घेतलं ते त्याच्या मुलीने, सिल्व्हियाने.

दुसरं घर मास्कारेल्लो यांचं, बारोलो गावातच. बार्तोलो मास्कारेल्लो हे जुन्या वळणाचे. छोट्या पिंपांना त्यांचा कडवा विरोध, इतका की बाटलीच्या चिठ्ठीवरच त्यांनी तो छापला. उतारवयात चाकाच्या खुर्चीला खिळले, तर बसल्या बसल्या चिठ्ठ्या हाताने रंगवायचे. त्यांना एकच मुलगी, मारिया तेरेसा. ती भाषा शिकलेली. वडील २००५ साली गेले तेव्हा लोकांना वाटलं असणार की आता घर बदललं. तिने काहीही बदललं नाही. तीच मोठी पिंपं, चार वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं एकत्र करून एकच बारोलो करण्याची तीच जुनी रीत.

एका घरात मुलाने परंपरा मोडली, एकीने राखली. दोन्हीकडे कारभार मुलींच्या हाती आला.

आणि मुळात ‘बारोलो’ला नावलौकिक मिळवून देणारी बाईच होती, असं तिथे मानतात. जूलिया फाल्लेत्ती ही मार्केझा, म्हणजे सरदारीण, फ्रान्सहून लग्न होऊन आलेली सून! तिला मूल नव्हतं. १८३८ साली नवरा गेल्यावर इस्टेट तिने पाहिली. तुरिनच्या तुरुंगात जाऊन ती स्त्री-कैद्यांना शिकवायची, त्यांच्यासाठी सुधारणा करवून घ्यायची. सांगतात की राजाने थट्टेने विचारलं, तुमची वाइन आम्ही कधी चाखायची? तर तिने सव्वातीनशे पिंपं गाड्यांवर लादून पाठवली. वर्षाच्या दिवसांतून उपासाचे चाळीस वजा करून रोजचं एक! १८६४ साली ती वारली, पण तिच्या मागे ठेवलेल्या पैशांतून चालणारी संस्था आजही तिथे आहे.

हे वाचताना माझं मन पोलादपूरच्या डोंगरात जात होतं. कापडे, उमरठकडे गेलात तर पावसाळ्यात उतारावर नाचणी-वरी लावताना कोण दिसतं? बाया. नवरा मुंबईला, सण-शिमग्याला आणि गणपतीला येणार. बी राखायचं, राब भाजायचा, लावणी, बेणणी, कापणी, गुरं, सासू-सासरे, सगळं तिचं. पण त्या जमिनीचा सातबारा काढून पाहिलात तर त्यावर सासऱ्याचं नाव, चुलत सासऱ्यांची नावं, कधी पणजोबाचंही. तिचं नाही.

आणि मुलींचं? माहेरच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. आपल्या राज्याने १९९४ सालीच तसा कायदा केला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्राच्या कायद्याने तीही अट गेली. वडील त्या तारखेला हयात नव्हते म्हणून मुलीचा हक्क नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकलं. कायदा मुलीच्या बाजूने पुरेसा आहे. पण वडिलांचे दिवस झाले की भाऊ एक कागद पुढे करतो, ‘ताई, एवढी सही कर.’ त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. साडी-चोळी मिळते, माहेर शाबूत राहतं, आणि नाव जातं. सही करणारीला वाटतं, नाही म्हटलं तर भाऊबीज तुटेल. हे वाटणं खोटं नाही, म्हणूनच त्याचं वाईट वाटतं.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मोर्चा काढला होता. मुंडावळ्या बांधून, काहीजण घोड्यावर बसून, वाजत-गाजत. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं. लोक हसले. मला लांगेतल्या त्या पुरुषांची आठवण झाली. मुली शेतकऱ्याला नको म्हणतात त्याची पुष्कळ कारणं सांगतात, पाणी नाही, भाव नाही, शहराची ओढ. पण जिथे जन्मभर राबायचं त्या जमिनीवर आपलं नावच लागणार नसेल, तर मुलीने हो तरी कशाला म्हणावं? याचा विचार त्या मोर्चात कुणी केला का?

विचार झालाच नव्हता असं मात्र नाही. १९८६च्या नोव्हेंबरात द्राक्षांच्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेने बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, की घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा हिस्सा करा. कितीतरी शेतकऱ्यांनी तो केला. १९९२ साली राज्य सरकारनेही त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. योजना जुनी आहे, पण आमच्या बाजूला विचारलं तर दहांतल्या नऊ जणींना ठाऊक नसते.

नावाचंच म्हणाल तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आपल्या सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. जे सुलभाताईंच्या मुलाने बाटलीवर केलं, ते जन्मदाखल्यावर यायला पंचवीस वर्षं लागली.

तर आता कामाचं, कारण तुमच्यातल्या काही जणी पत्र लिहून हेच विचारतील. सातबारा आणि आठ-अ हे उतारे ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मुलाला मोबाइलवर काढायला सांगा, सासरचाही आणि माहेरचाही. गट नंबर माहीत नसेल तर नावावरूनही शोधता येतं. नवरा तयार असेल तर लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. जमीन अजून भावाभावांत सामाईक असेल तर त्याला आधी वाटपाची वाट पाहावी लागते. कुटुंबातलं कुणी वारलं तर वारसनोंदीत सगळ्या वारसांची नावं यायला हवीत, लग्न झालेल्या मुलींची आणि विधवा पत्नीचीही. हक्कसोडपत्र नोंदणी कार्यालयातच होतं, साध्या कागदावरच्या सहीने होत नाही. तिथला अधिकारी विचारतो, राजीखुशीने देताय ना? त्या प्रश्नाला थांबून उत्तर द्यायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे. एकदा नोंद झाल्यावर ते फिरवायचं तर कोर्टात फसवणूक वा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, आणि ते फार जिकिरीचं.

आणि फेरफाराची नोंद मंजूर होण्यापूर्वी तलाठी संबंधितांना नोटीस पाठवतो. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. पोस्टमन किंवा कोतवाल ती घेऊन येतो तेव्हा बहुधा घरात तुम्हीच असता, सही करून तुम्हीच घेता. ती नवऱ्यासाठी फळीवर ठेवून देण्याआधी उघडून वाचा.